‘जाहिरातींचा परिणाम शून्य’ म्हणताना नेमकं काय मोजलं?

ऑनलाइन राजकीय जाहिरातींवर कायद्याचं नियंत्रण हवं का, या चर्चेत हल्ली एक वाक्य हमखास येतं: ‘अहो, पण या जाहिरातींचा काही परिणामच होत नाही, संशोधनच तसं सांगतंय.’ असं म्हणणारा बहुतेक वेळा थाप मारत नसतो. तसं सांगणारा अभ्यास खरंच आहे आणि तो चांगलाही आहे. माझी तक्रार अभ्यासाच्या रचनेबद्दल थोडी आणि त्यातून काढल्या जाणाऱ्या निष्कर्षाबद्दल बरीच जास्त आहे.

तुमच्यापैकी बरेच जण पेटची तयारी करताय, काहींचा सिनॉप्सिस अर्धा लिहून पडलाय. त्यांच्यासाठी हा पेपर टीका करायला शिकण्याचा उत्तम नमुना आहे. वाईट पेपरवर टीका कुणीही करतं. चांगल्या पेपरचं उत्तर मान्य करून ‘पण हे उत्तर कोणत्या प्रश्नाचं?’ असं विचारायला मात्र सराव लागतो.

पेपर काय म्हणतो

हंट ऑलकॉट आणि त्यांच्या बऱ्याच सहकाऱ्यांचा हा अभ्यास २०२५ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल ब्यूरो ऑफ इकॉनॉमिक रिसर्चचा वर्किंग पेपर म्हणून आला. प्रयोग २०२० च्या अध्यक्षीय निवडणुकीच्या वेळचा. फेसबुकचे ३६,९०६ आणि इन्स्टाग्रामचे २५,९२५ वापरकर्ते घेतले. त्यातल्या यादृच्छिकपणे, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारख्या निवडलेल्या काहींच्या फीडमधून निवडणुकीआधीचे सहा आठवडे राजकीय जाहिराती काढून टाकल्या. बाकीच्यांच्या तशाच ठेवल्या.

मग दोन्ही गटांची तुलना केली. राजकीय माहिती किती, ध्रुवीकरण किती, निवडणूक वैध वाटते का, सहभाग आणि देणग्या किती, उमेदवारांबद्दल मत काय, मतदान केलं का. कशातही पकडता येईल असा फरक सापडला नाही. डेमोक्रॅट आणि रिपब्लिकन वेगळे करून पाहिले तरी नाही. जाता जाता आणखी एक गोष्ट कळली: अध्यक्षपदाच्या बहुतेक जाहिराती आपापल्याच समर्थकांवर रोखलेल्या होत्या आणि त्यांत सर्वाधिक प्रमाण देणगी मागणाऱ्या जाहिरातींचं होतं.

या कामाचं मोल कमी लेखू नका. ‘तुम्ही राजकीय जाहिरात पाहिली का?’ असं सर्व्हेत विचारून उत्तराचा मताशी संबंध जोडला की दोन घोटाळे होतात. लोकांना आठवत नसतं आणि राजकारणात आधीच रस असलेल्यांनाच जास्त जाहिराती दिसलेल्या असतात. इथे खरी फीड, खरी निवडणूक आणि यादृच्छिक वाटप असल्यामुळे हे दोन्ही घोटाळे टळले.

आता टीका.

कापसाचे बोळे

समजा, गल्लीत मंडपाचा लाउडस्पीकर दहा दिवस चालू आहे. आपण शंभर घरांतल्या एकेका माणसाच्या कानात कापसाचे बोळे घातले आणि दहा दिवसांनी विचारलं, ‘कार्यक्रमाबद्दल तुमचं मत शेजाऱ्यांपेक्षा वेगळं आहे का?’ उत्तर बहुधा ‘नाही’ येईल. कारण घरच्यांनी ऐकलेलं त्याला जेवताना कळलंच. यावरून ‘लाउडस्पीकरमुळे गल्लीत काही फरक पडत नाही’ असं म्हणता येईल का?

प्रयोगात नेमकं हेच झालंय. एका माणसाच्या फीडमधून जाहिरात गेली, पण त्याच्या मित्राच्या, बायकोच्या, त्याच्याकडे येणाऱ्या पत्रकाराच्या फीडमध्ये ती होतीच. टीव्हीवरचा प्रचार चालूच होता. पद्धतिशास्त्राच्या पुस्तकात याला ‘एकाला दिलेल्या उपचाराचा दुसऱ्यावर परिणाम होत नाही’ हे गृहीतक म्हणतात. औषधाच्या चाचणीत ते बऱ्यापैकी टिकतं. राजकीय चर्चेत ते टिकणं अवघड, कारण चर्चा हीच मुळी एकाचं दुसऱ्यापर्यंत जाणं आहे.

तेव्हा पेपरने मोजलेली राशी अशी: ‘बाकी सगळं जसंच्या तसं चालू असताना एका व्यक्तीच्या फीडमधून जाहिराती काढल्या तर त्या व्यक्तीत काय बदलतं?’ कायदा करणाऱ्यांचा प्रश्न असा: ‘सगळ्यांच्याच फीडमधल्या जाहिरातींचे नियम बदलले तर निवडणुकीत काय बदलतं?’ पहिल्याचं उत्तर शून्य असलं म्हणून दुसऱ्याचं शून्य ठरत नाही. ते मोठं आहे असंही ठरत नाही. या प्रयोगातून ते कळूच शकत नाही, एवढंच.

सहा आठवड्यांतला शेवटचा आठवडा

दुसरा मुद्दा बारीक आहे. २०२० मध्ये फेसबुकने मतदानाआधीच्या शेवटच्या आठवड्यात नव्या राजकीय जाहिराती घेणं बंद केलं होतं. आधीपासून चालू असलेल्या जाहिराती सुरू राहिल्या, पण नवा मजकूर टाकता येत नव्हता. म्हणजे प्रयोगाच्या काळात कंट्रोल ग्रुपला दिसलेल्या जाहिरातीसुद्धा ‘नियंत्रणमुक्त’ नव्हत्या. ऐनवेळी नवा आरोप करून प्रतिपक्षाला उत्तराची संधीच न देणं हा जाहिरातींचा सर्वांत वादग्रस्त वापर, आणि तोच त्या वर्षी कंपनीने आपणहून आवळलेला होता. एका अंशतः नियंत्रित व्यवस्थेत केलेला प्रयोग ‘नियंत्रणाची गरज नाही’ याचा पुरावा म्हणून वापरताना एवढं तरी ध्यानात ठेवायला हवं.

तुमच्या प्रस्तावात ‘अभ्यासकाळ’ असा रकाना असतो ना, तो तारखा टाकून मोकळं होण्यासाठी नसतो. त्या काळात मैदानाचे नियम काय होते, तेही तिथे लिहायचं असतं.

‘राजकीय’ कोण ठरवतं?

एखादी जाहिरात राजकीय आहे हे ठरवायचं कुणी? आधी जाहिरातदाराने स्वतः सांगायचं आणि त्याने लपवलं तर प्लॅटफॉर्मच्या यंत्रणेने पकडायचं, अशी ही पद्धत. व्हिक्टर ल पोशा आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये फेसबुकच्या ३ कोटी ३८ लाख जाहिराती तपासल्या. जाहिरातदाराने राजकीय म्हणून जाहीर न केलेल्या जाहिराती ओळखण्यात कंपनी दोन्ही बाजूंनी चुकते, असं त्यांना आढळलं. जगभरात जितक्या पकडल्या त्याहून जास्त सुटल्या होत्या. उलट अमेरिकेत पकडलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जाहिराती मुळात राजकीय नव्हत्याच.

याचा अर्थ, ‘राजकीय जाहिराती काढून टाकल्या’ हे वाक्य वाचताना मनात ‘प्लॅटफॉर्मच्या यादीतल्या’ हे शब्द जोडायचे. पैसे घेऊन रील करणारे इन्फ्लुएन्सर, व्हॉट्सअॅपवरून फिरणारे फॉरवर्ड, ‘आपला तालुका’ छापाचं पान चालवणारी मंडळी ही सगळी त्या यादीबाहेर राहू शकतात. अमेरिकेत २०२० मध्ये उमेदवारांच्या अधिकृत जाहिरातींचा वाटा मोठा होता, म्हणून तिथे ही अडचण कदाचित सौम्य असेल. भारतात ती तितकी सौम्य नाही. त्याकडे पुढे येतोच.

शून्य आणि ‘सापडलं नाही’

‘परिणाम सापडला नाही’ आणि ‘परिणाम शून्य आहे’ या दोन वाक्यांतला फरक नेट-सेटच्या पेपर एकमध्येही विचारतात आणि तरी वर्तमानपत्रात तो रोज पुसला जातो. प्रत्येक अंदाजाभोवती एक पट्टा असतो. तो पट्टा शून्याला स्पर्श करत असेल आणि अरुंदही असेल, तर मोठा परिणाम असण्याची शक्यता कमी. लहान परिणाम मात्र त्या पट्ट्यात लपून बसू शकतो.

शेजारचे अभ्यास पाहा. अलेक्झांडर कॉपॉक, सेथ हिल आणि लिन वॅव्हरेक यांनी २०२० मध्ये ५९ प्रयोग एकत्र मांडले. जाहिरात दाखवल्यावर उमेदवाराबद्दलचं मत पाच बिंदूंच्या पट्टीवर सरासरी ०.०५ बिंदूने आणि मत देण्याचा इरादा सुमारे ०.७ टक्केबिंदूंनी सरकला. २०२३ मध्ये आलेल्या मिनाली अग्रवाल आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात २०२० च्याच निवडणुकीतले पाच राज्यांमधले सुमारे २० लाख मतदार होते. आठ महिने चाललेल्या ट्रम्पविरोधी डिजिटल मोहिमेचा एकूण मतदानावर सरासरी परिणाम दिसला नाही. पण बायडेनकडे झुकलेल्यांचं मतदान सुमारे ०.४ टक्केबिंदूंनी वाढलं आणि ट्रम्पकडे झुकलेल्यांचं सुमारे ०.३ टक्केबिंदूंनी घटलं.

दोन उलट दिशांच्या परिणामांची बेरीज शून्याच्या जवळ येते. सरासरी पाहणाऱ्याला तिथे काहीच घडलेलं दिसत नाही. ऑलकॉट आणि सहकाऱ्यांनी दोन्ही पक्षांचे समर्थक वेगळे करून पाहिले, हे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं. तरीही ०.४ टक्केबिंदू पकडायला लाखोंचा नमुना लागला होता आणि इथे नमुना हजारांत आहे, हेही तितकंच खरं.

आणखी एक. जोशुआ काला आणि डेव्हिड ब्रूकमन यांचा २०१८ चा ४९ क्षेत्र-प्रयोगांचा आढावा या शाखेत सगळेच उद्धृत करतात: सार्वत्रिक निवडणुकीत प्रचाराने मन वळवण्याचा सर्वोत्तम अंदाज शून्य. पण त्याच लेखात असंही आहे की पक्षांतर्गत निवडणुकीत आणि मतपत्रिकेवरच्या प्रस्तावांबाबत, जिथे पक्षाचं लेबल मदतीला नसतं, तिथे परिणाम दिसतात. ट्रम्पबद्दल मत नसलेला अमेरिकी मतदार २०२० मध्ये शोधून सापडला नसता. आपल्या प्रभागात कोण कोण उभं आहे हे मतदानाच्या आठवड्यात कळणारे मतदार मात्र आपल्याकडे घराघरात आहेत. अध्यक्षीय निवडणुकीतलं शून्य उचलून प्रभागाच्या निवडणुकीत ठेवता येत नाही.

पत्रकावरचं मुद्रकाचं नाव

इथपर्यंतची टीका पद्धतीवरची होती. पण समजा, हे सगळे आक्षेप खोडले गेले आणि व्यक्तीच्या मतावरचा परिणाम खरोखर शून्य निघाला. मग नियंत्रण अनावश्यक ठरतं का?

निवडणुकीतलं साधं छापील पत्रक उलटून पाहा. खाली बारीक अक्षरात मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता असतो. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ मधल्या कलम १२७-अ नुसार तो सक्तीचा आहे. प्रकाशकाने सही केलेलं आणि त्याला ओळखणाऱ्या दोघांनी साक्षांकित केलेलं निवेदन मुद्रकाकडे द्यायचं, मुद्रकाने त्याची प्रत पत्रकासह निवडणूक यंत्रणेकडे किंवा जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे पाठवायची. मोडलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

हा नियम करताना पत्रकामुळे किती टक्के मतं फिरतात याचा प्रयोग कुणी मागितला नव्हता. मागण्याची गरजही नव्हती. नियमाचा आधार पत्रकाचा प्रभाव हा नव्हताच. जाहीरपणे बोलणाऱ्याला जाब विचारता यावा, बदनामी झाली तर कुणाच्या दारात जायचं ते कळावं, खर्च कुणाच्या खात्यात धरायचा ते ठरवता यावं, हा त्याचा आधार होता.

‘परिणाम नाही, मग नियम कशाला’ हा युक्तिवाद इथे घसरतो. तो नियंत्रणाचं एकच कारण गृहीत धरतो: मतदार भोळा आहे आणि त्याला वाचवायचंय. मतदार अजिबात भोळा नसला तरी जबाबदारी, खर्चाचा हिशेब आणि प्रतिपक्षाला उत्तराची संधी ही तीन कारणं शिल्लक राहतात. त्यातलं तिसरं लोकशाही चर्चेच्या सर्वांत जवळचं आहे. शिवाजी पार्कवरच्या सभेत दिलेलं आश्वासन विरोधक ऐकतो आणि दुसऱ्या दिवशी उत्तर देतो. फक्त ठरावीक वयाच्या, ठरावीक पिनकोडमधल्या लोकांना दिसलेली जाहिरात विरोधकाला दिसतच नाही. तिथे वाद हरला-जिंकला असं काही नसतं, कारण वाद होतच नाही.

शिवाय जाहिरात कुणाला दाखवायची हे फक्त जाहिरातदार ठरवत नाही. मुहम्मद अली, अलेक्झांड्रा कोरोलोव्हा आणि सहकाऱ्यांनी स्वतः फेसबुकवर जाहिराती विकत घेऊन दाखवलं की, दोन्ही पक्षांच्या मतदारांना सारखंच लक्ष्य केलं तरी वितरणाचं अल्गोरिदम जाहिरात ‘आपल्या’ माणसांकडे वळवतं आणि विरोधी मताच्या लोकांपर्यंत पोचायला जास्त पैसे पडतात. म्हणजे समोरच्याशी बोलणं महाग, आपल्यांशीच बोलणं स्वस्त. एकेका व्यक्तीचं मत मोजून हे कधीच दिसणार नाही.

भारतातली भोकं

आपल्याकडे नियम नाहीत असं नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या १३ एप्रिल २००४ च्या आदेशातून टीव्हीवरच्या राजकीय जाहिरातींचं पूर्वप्रमाणन आलं. निवडणूक आयोगाने २५ ऑक्टोबर २०१३ च्या सूचनांनी ते समाजमाध्यमांना लागू केलं. मतदानाआधीच्या ४८ तासांतल्या ऑनलाइन जाहिरातींचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिकेतून आला आणि मार्च २०१९ मध्ये कंपन्यांनी ऐच्छिक आचारसंहिता स्वीकारली. ‘ऐच्छिक’ हा शब्द अधोरेखित करा. छापखान्याला कैदेची तरतूद आहे आणि प्लॅटफॉर्मला संहिता आहे.

दुसरं भोक खर्चाचं. महाराष्ट्रासारख्या मोठ्या राज्यात २०२२ पासून लोकसभेच्या उमेदवाराला ९५ लाख आणि विधानसभेच्या उमेदवाराला ४० लाखांची मर्यादा आहे. पक्षाच्या खर्चाला मर्यादा नाही. आणि उमेदवाराशी कागदोपत्री संबंध नसलेल्या पानाने केलेला खर्च कुणाच्या हिशेबात धरायचा, हे ठरवायचं तर आधी त्या पानामागे कोण आहे ते कळायला हवं.

‘द रिपोर्टर्स कलेक्टिव्ह’ आणि ‘अॅड डॉट वॉच’ यांनी मार्च २०२२ मध्ये नेमकं हेच तपासलं. फेब्रुवारी २०१९ ते नोव्हेंबर २०२० मधल्या ५,३६,०७० जाहिराती पाहून त्यांनी पक्षाशी नातं न सांगता प्रचार करणारी पानं शोधली. त्यातला बहुतांश प्रचार भाजपच्या बाजूचा होता. दराचीही तुलना होती: तेवढ्याच वेळा जाहिरात दिसण्यासाठी काँग्रेसला भाजपपेक्षा सरासरी सुमारे २९ टक्के जास्त पैसे पडले.

काम महत्त्वाचं आहे, पण या आकड्यावरही प्रश्न विचारायला हवा. दरातला फरक म्हणजे पक्षपातच का? वरचा अल्गोरिदमचा अभ्यास आठवा. ज्या पक्षाचे समर्थक प्लॅटफॉर्मवर जास्त आणि जास्त प्रतिसाद देणारे, त्याची जाहिरात लिलावात आपोआप स्वस्त पडू शकते. हेतू आणि यंत्रणा यांत फरक करायला लक्ष्यगट, बोली आणि प्रतिसाद यांचा तपशील लागतो आणि तो संग्रहात मिळत नाही. तिथे खर्चाचे आणि दृश्यांचे आकडे टप्प्यांत असतात, नेमके नसतात. अर्थात हेतू नसला तरी एका पक्षाला मैदान महाग पडतं ही गोष्ट उरतेच. फक्त तिचा इलाज वेगळा होतो.

युरोपने काय केलं

युरोपीय संघाचा २०२४/९०० हा विनियम १० ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला. जाहिरातीवर लेबल, पैसे कुणी दिले आणि किती ते सांगणं, स्पष्ट संमतीशिवाय वैयक्तिक माहितीवरून लक्ष्य न करणं, धर्म-वंश-राजकीय मतांसारख्या संवेदनशील माहितीवरून प्रोफायलिंगला बंदी. यावर गूगल आणि मेटा या दोघांनीही युरोपात राजकीय जाहिराती घेणंच बंद करत असल्याचं जाहीर केलं.

नियंत्रणाच्या बाजूने बोलणाऱ्या माझ्यासारख्यांनी इथे थांबून विचार करायला हवा. एरिका फ्रँकलिन फाउलर आणि सहकाऱ्यांच्या २०२१ च्या अभ्यासात दिसलं की टीव्ही न परवडणारे अनेक छोटे उमेदवार फेसबुकवर जाहिरात करतात. जाहिरात बंद झाली तर ज्याच्याकडे आधीच मोठं पान, लाखो फॉलोअर आणि व्हॉट्सअॅप गटांचं जाळं आहे त्याचं फारसं बिघडत नाही. नव्याचं बिघडतं. आणि जाहिरात गेली की तिचा संग्रहही जातो, प्रचार मात्र संग्रह नसलेल्या वाटांनी चालू राहतो. नियम योग्य असू शकतो आणि त्याचा परिणाम तरीही अपेक्षेविरुद्ध जाऊ शकतो. हे मोजण्याची संधी युरोपात आत्ता आहे.

तुमच्या प्रस्तावासाठी

या विषयावर लिहिणार असाल तर एकक आधी ठरवा. मतदार, जाहिरात, पान की मतदारसंघ? ‘समाजमाध्यमांतील जाहिरातींचा मतदारांवरील परिणाम: एक अभ्यास’ अशा शीर्षकाखाली शंभर जणांना गूगल फॉर्म पाठवण्यापेक्षा हे करून पाहा: एका विधानसभा मतदारसंघातल्या जाहिरात देणाऱ्या सगळ्या पानांची यादी करा, त्यातल्या किती पानांवर खरा पत्ता आहे ते तपासा, आणि उमेदवारांनी सादर केलेल्या खर्चाच्या हिशेबांशी ती यादी ताडून पाहा. मार्गदर्शक विचारतील, ‘पण परिणाम कुठाय यात?’ तेव्हा कलम १२७-अ दाखवा.

आणि डेटा कुणाच्या परवानगीने मिळतोय, तेही लिहा. ऑलकॉट यांचा अभ्यास मेटाच्या सहकार्याने झालेल्या मोठ्या प्रकल्पाचा भाग होता. त्या प्रकल्पाचे स्वतंत्र निरीक्षक मायकल वॅग्नर यांनी २०२३ मध्ये लिहिलं की संशोधकांचं स्वातंत्र्य होतं, पण ते परवानगीने मिळालेलं होतं. परवानगीशिवाय स्वयंसेवकांच्या ब्राउझरमधून जाहिराती गोळा करणाऱ्या न्यूयॉर्क विद्यापीठाच्या संशोधकांची खाती फेसबुकने ऑगस्ट २०२१ मध्ये बंद केली. त्यामुळे कोणते प्रश्न विचारले गेले याच्या जोडीला कोणते विचारताच आले नाहीत, ही नोंदही आढाव्याच्या प्रकरणात यायला हवी.